मोटरहोमच्या ऑनिंगचा अनुक्रमांक कोण नोंदवतो?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत अमेरिकेतील मोटरहोम-प्रवासावर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतल्या प्रवासावर, आलेला लेख वाचला. उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या आमच्यासारख्या आईवडिलांना त्याचा उपयोग होईल यात शंका नाही. मात्र सोबतच्या छायाचित्रात ते कुटुंब ज्या कापडी छपराखाली चहा पीत बसले आहे, त्या छपराबद्दल लेखात एक वाक्यही नव्हते. त्याला तिकडे ऑनिंग म्हणतात. प्रवासात ते गाडीच्या कुशीला गुंडाळलेले असते आणि मुक्कामी पोहोचल्यावर बटण दाबून बाहेर काढले जाते. माझी नोकरीची चौतीस वर्षे भोसरीत गिअरबॉक्स जोडण्यात गेली, त्यामुळे इतरांचे लक्ष डोंगरांकडे असते तेव्हा माझे अशा वस्तूंकडे जाते. दोन वर्षांपूर्वी एका ऑनिंगने आमच्यावर जो प्रसंग आणला, त्यानंतर तर तिकडे लक्ष जाणे भागच पडले.

आधी त्याची रचना सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत भाड्याने मिळणाऱ्या मोटरहोमवर बहुधा जे विजेवर चालणारे ऑनिंग असते, त्यात कापड एका लांब ॲल्युमिनियमच्या नळीवर गुंडाळलेले असते आणि नळीच्या दोन्ही टोकांना गाडीच्या अंगाला टेकून घडी होणारे हात असतात. त्या हातांत गॅसचे दट्टे असतात, आपल्या मोटारीच्या डिकीचे झाकण वर उचलून धरतात तसलेच. ते दट्टे चोवीस तास हातांना बाहेर ढकलत असतात. त्यांना आवरून धरते ती नळीच्या टोकाशी बसवलेली १२ व्होल्टची लहानशी मोटर आणि तिचा गिअरबॉक्स. गाडी उभी असो वा पळत असो, कापड गुंडाळलेले राहणे हे त्या मुठीएवढ्या गिअरबॉक्सच्या दातांवर आणि कुठे असलेच तर प्रवासात लावायच्या वेगळ्या कुलपावर अवलंबून असते. युरोपीय पद्धतीच्या ऑनिंगमध्ये दट्ट्यांऐवजी कोपरासारख्या दुमडणाऱ्या हातांत ताणलेल्या स्प्रिंगा असतात आणि सगळे एका पेटीत बंद होते, पण साठवलेल्या जोराचा हिशेब तोच.

वाऱ्याचा हिशेबही कागदावर मांडता येतो. चार मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर येणारे ऑनिंग म्हणजे दहा चौरस मीटरचे शीड. ताशी ३६ किलोमीटरचा वारा त्यावर साधारण ६० किलोचा जोर देतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे ७२ किलोमीटरला सुमारे २४० किलो. पावसात उतार नीट दिलेला नसेल आणि १० मिलिमीटर पाणी कापडात साचून राहिले, तर १०० किलोचा हौद डोक्यावर लटकतो. हे उघडलेल्या ऑनिंगचे झाले. महामार्गावर ताशी १०५ किलोमीटरने पळणाऱ्या गाडीचे कापड सुटले, तर प्रत्येक चौरस मीटरमागे ५० किलोच्या आसपास ओढ बसते, आणि तीही गाडीच्या एकाच बाजूला.

आमच्या बाबतीत नेमके हेच घडले. जून महिन्यात आम्ही सहा जण, त्यांत दोन नातवंडे, डेन्व्हरहून यलोस्टोनकडे निघालो होतो. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स हा आय-८० महामार्गाचा पट्टा आडव्या वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे, म्हणून मुलाने वेग कमीच ठेवला होता. उजव्या बाजूने आधी कोणी पत्रा थोपटावा तसा आवाज आला. मग गाडीने एक झोल घेतला आणि मागच्या खिडकीतला उजेड अचानक पिवळट झाला. ऑनिंगचे कापड हातभर सुटून फुग्यासारखे खिडकीवर आले होते. गाडी कडेला घेऊन आम्ही उतरलो. मोटर बंद असताना ती नळी हाताने तसूभरही हलता कामा नये, ती विहिरीवरच्या रहाटासारखी गरगर फिरत होती. गिअरबॉक्सच्या आत काहीतरी तुटले होते, हे सांगायला झाकण उघडण्याची गरज नव्हती. झाकण उघडलेही नाही, कारण अशा ठिकाणी टोकाचे स्क्रू सैल करणे म्हणजे दट्ट्यांचा सगळा जोर आपल्या तोंडावर घेणे. मुलाने आणि मी कापड हातांनी गुंडाळत आणले आणि सौभाग्यवतींनी पुण्याहून कपडे वाळत घालायला म्हणून नेलेल्या नायलॉनच्या दोरीने ऑनिंगचे दोन्ही हात गाडीला आवळून बांधले. पुढचे पाच दिवस ती दोरी तशीच होती.

गाडी परत करताना भाडे कंपनीच्या काउंटरवर झालेले संभाषण मला त्या झोलापेक्षा अधिक अस्वस्थ करून गेले. पहिला प्रश्न आला तो ‘वाऱ्यात उघडे ठेवले होते का?’ हा. करारात ऑनिंगचे नुकसान विम्याबाहेर होते. अनेक भाडेकरारांत तसे असते, आणि सही करताना ते कलम कोणी वाचत नाही, हा आमचाही दोष मान्य करतो. मुलाने शांतपणे विचारले की या ऑनिंगवर उत्पादक कंपनीने काही रिकॉल, म्हणजे दोष आढळलेला माल दुरुस्तीसाठी परत मागवण्याची सूचना, काढला आहे का. तेथील माणसाने गाडीचा सतरा अक्षरांचा ओळखक्रमांक संगणकात टाकला आणि पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर एकही प्रलंबित रिकॉल नव्हता. मग सहज बोलता बोलता तो म्हणाला की हे ऑनिंग मूळचे नाहीच, आधीचे फाटले म्हणून वर्षभरापूर्वी दुसरे बसवले आहे. म्हणजे ज्या वस्तूबद्दल आम्ही विचारत होतो, तिची त्या क्रमांकाशी गाठच नव्हती.

अमेरिकेची रिकॉल-व्यवस्था जगातील जुन्या आणि चांगल्या व्यवस्थांपैकी आहे, हे आधी नमूद केले पाहिजे. १९६६च्या कायद्यावर ती उभी आहे आणि महामार्ग सुरक्षा प्रशासन ती चालवते. सुरक्षेशी संबंधित दोष आहे असे ठरल्यापासून कामाच्या पाच दिवसांत उत्पादकाने प्रशासनाला कळवायचे, साठ दिवसांत मालकांना टपालाने पत्र पाठवायचे आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या गाडीची दुरुस्ती फुकट करून द्यायची, असा तिथला नियम आहे. कायद्याच्या व्याख्येत गाडीवर बसवलेली जोडवस्तूही येते, त्यामुळे ऑनिंगचा रिकॉल निघू शकतो. मोटरहोममधील सुट्या वस्तूंचे मोठे रिकॉल झालेलेही आहेत. २००६ मध्ये डोमेटिक कंपनीचे सुमारे ९ लाख २६ हजार गॅस-फ्रिज आगीच्या धोक्यामुळे रिकॉलमध्ये आले, आणि ते कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत बसलेले होते.

अडचण आहे ती पत्ता शोधण्याची. ऑनिंग गाडीच्या कारखान्यात बसले असेल तर जबाबदारी गाडी बांधणाऱ्याची असते आणि गाडीच्या नोंदणीवरून पत्र आजच्या मालकापर्यंत पोहोचते, मग गाडी सेकंडहँड का असेना. तेच ऑनिंग नंतर विक्रेत्याने किंवा गॅरेजवाल्याने बसवले असेल, तर जबाबदारी ऑनिंग बनवणाऱ्याची, आणि त्याला हे ऑनिंग कोणत्या गाडीवर गेले याची गंधवार्ताही नसते. टायर आणि लहान मुलांच्या आसनांसाठी अमेरिकेत खरेदीदाराच्या नोंदणीची कायदेशीर सोय आहे. ऑनिंगसाठी तशी नाही. ऑनिंगच्या जोरात उघडणाऱ्या हाताखाली जे मूल उभे असते ते या आसनातून नुकतेच उतरलेले असते, एवढेच मला इथे म्हणायचे आहे.

दुसरी अडचण मला त्याहून खोल वाटते. ऑनिंग मोडले की कोणालाही ते दोषामुळे मोडले असे वाटत नाही. भाडे कंपनी वाऱ्याला दोष देते, विमा कंपनी वापरणाऱ्याला देते, आणि वापरणारा स्वतःच ‘आपणच उशिरा बंद केले’ म्हणून गप्प बसतो. कमकुवत गिअरबॉक्स, तडकलेला आधार, वारा वाढल्यावर ऑनिंग आपोआप मिटवायचे ते विसरणारा सेन्सर, हे सगळे ‘वाऱ्याने गेले’ या एकाच खात्यावर जमा होते. तक्रारीच नोंदल्या जात नाहीत, मग प्रशासनाला चौकशी करावीशी वाटेल असा आकडाही तयार होत नाही.

घरांच्या ऑनिंगबाबत काय झाले ते पाहिले तर या मौनाची किंमत कळते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१९ मध्ये सनसेटर कंपनीची सुमारे २ लाख ७० हजार मोटरवर चालणारी ऑनिंग रिकॉल केली. वरचे व्हिनाइलचे आच्छादन काढताना ऑनिंग एकाएकी जोरात उघडून समोरच्या माणसावर आदळत होते. कनेक्टिकट राज्यात ७३ वर्षांचे एक गृहस्थ त्या धक्क्याने बाल्कनीवरून खाली पडून मरण पावले होते. ही ऑनिंग १९९९ पासून विकली जात होती. धोक्याची माहिती वेळेवर कळवली नाही म्हणून २०२३ मध्ये त्या कंपनीने ९२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. घराची बाल्कनी निदान जागची हलत नाही.

भाड्याच्या गाड्यांसाठी तिथे वेगळा कायदा आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. २००४ मध्ये रिकॉल प्रलंबित असलेल्या भाड्याच्या मोटारीत दोन तरुण बहिणी दगावल्या. त्यांच्या आईने पुढची अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये त्या बहिणींच्याच नावाने कायदा झाला, ज्यानुसार ३५ हून अधिक गाड्या असणाऱ्या कंपनीला रिकॉल प्रलंबित असलेली गाडी भाड्याने देता येत नाही. मात्र हा कायदा भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा १०,००० पौंड किंवा त्याहून कमी असलेल्या गाड्यांनाच लागू आहे. भाड्याने जाणारी पुष्कळ मोटरहोम ज्या फोर्ड ई-४५० सांगाड्यावर बांधलेली असतात, त्याचीच मर्यादा १४,५०० पौंड आहे. म्हणजे चार जणांच्या मोटारीला जे संरक्षण मिळते ते सहा जण झोपतील अशा गाडीला मिळत नाही.

आता आपल्याकडचे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खालील रिकॉलचे नियमही लागू झाले. हे कलम चांगले आहे. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसलेल्या सर्व गाड्या परत मागवण्याचा आदेश देण्याची तरतूद त्यात आहे, आणि नियमांत दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडही आहे. पण हे नियम सात वर्षांपर्यंतच्या गाडीला लागू आहेत आणि तक्रारींचे प्रमाण विक्रीच्या आकड्याशी ताडून पाहणारे आहेत. आपल्याकडच्या कॅराव्हॅन एखाद्या व्हॅनवर वा मिनीबसवर बांधल्या जातात. नऊ वर्षांच्या व्हॅनवर गेल्या महिन्यात बसवलेल्या ऑनिंगचे वय कोणते धरायचे? आणि थोड्याच संख्येने बनलेल्या गाड्यांच्या तक्रारी मोजायच्या तरी कशाशी? पाचगणीच्या पठारावर किंवा कोकणच्या किनाऱ्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात वारा काय करतो, हे आपल्याला वायोमिंगमध्ये जाऊन शिकायला नको.

म्हणून परिवहन विभागाला आणि पर्यटन महामंडळाला माझी विनंती अगदी मर्यादित आहे. कॅराव्हॅनची नोंदणी करताना आणि तिच्या प्रत्येक योग्यता तपासणीच्या वेळी ऑनिंगचा उत्पादक, अनुक्रमांक आणि ते बसवल्याची तारीख गाडीच्या कागदांत लिहावी, ऑनिंग बदलले तर नोंदही बदलावी, आणि गाडी भाड्याने देणाऱ्याने हा कागद ग्राहकाला चावीसोबत दाखवावा. यासाठी नवा कायदा लागणार नाही, एक रकाना लागेल. अमेरिकेत मोटरहोम घेणाऱ्या वाचकांनी गाडी ताब्यात घेतानाच ऑनिंग मूळचे की नंतरचे हे विचारावे, नळी हाताने फिरवून पाहावी आणि ती फिरली तर गाडी बदलून मागावी.

काही ऑनिंगच्या नळीखाली एक चंदेरी चिकटपट्टी असते, तिच्यावर अनुक्रमांक छापलेला असतो. आमच्या गाडीवरची पट्टी उन्हाने सोलून निघाली होती. मुलाने तिचा फोटो काढून प्रशासनाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, तेव्हा त्यातले पहिले पाच आकडे तेवढे वाचता आले. तेवढेच लिहिले.

आपला,
एक निवृत्त यांत्रिकी अभियंता,
चिंचवड, पुणे