थंडीत आजी-आजोबांचं वजन आणि दुपारी बंद असणाऱ्या बागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी सुरू झाली की पेपरात, व्हॉट्सअॅपवर, सगळीकडे एकच चालू होतं, हिवाळ्यात वजन वाढू देऊ नका, हे खाऊ नका ते खाऊ नका. तरुणांसाठी ठीक आहे हो, पण सत्तरी-पंच्याहत्तरीच्या माणसांना तोच सल्ला जसाच्या तसा देऊ नका एवढं कळकळीने सांगायला हे पत्र लिहितेय.

मी कोथरूडमध्ये घरगुती डबे देते. बरेचसे डबे अशा घरी जातात जिथे आजी-आजोबा दोघंच, किंवा एकटंच कोणीतरी, मुलं हिंजवडीच्या बाजूला नाहीतर थेट परदेशात. परत आलेला डबा उघडला की कोण काय खातंय ते लगेच कळतं. डिसेंबर-जानेवारीत भात संपलेला असतो, पोळी एखादी उरलेली, आणि उसळ मात्र जशीच्या तशी परत. विचारलं तर उत्तरं ठरलेली, कवळीखाली दाणे जातात, गॅस होतो, रात्री जड नको, आणि हल्ली सगळ्यात जास्त ऐकू येतं ते म्हणजे "वजन वाढतंय ना, म्हणून कमी खातो". आणि मग दिवसभरात तीनदा चहा, त्याच्यासोबत खारी नाहीतर टोस्ट, आणि लेकीने पाठवलेले डिंकाचे लाडू येता-जाता. म्हणजे कमी केलं ते नेमकं जे खायला हवं होतं तेच.

याने होतं काय की काट्यावर आकडा तेवढाच दिसतो, कधी किलोभर जास्तच, पण स्नायू झिजलेले असतात आणि पोटाचा घेर वाढलेला असतो. वयानुसार स्नायू कमी होतातच, त्यात थंडीत हालचाल कमी, जेवणात प्रोटीन कमी, मग ते आणखी भराभर जातात. खुर्चीतून हात न टेकता उठणं, जिना चढणं, बाथरूममध्ये तोल गेला तर सावरणं, हे सगळं त्या स्नायूंच्याच जोरावर असतं. म्हणून आईचं वजन 2 किलो कमी झालं म्हणून कौतुक करायच्या आधी ते कशामुळे झालं हे बघा ना.

आणि खरंच वजन उतरत असेल तर थंडीत ते दिसतच नाही, स्वेटर, शाल, कानटोपी, त्यात माणूस भरलेलाच वाटतो. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, अंगठी फिरायला लागली, कवळी सैल झाली की लक्ष द्या. महिन्यातून एकदा, सकाळी, काही खायच्या आधी, स्वेटर काढून, त्याच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. 60 किलोच्या माणसाचं सहा महिने-वर्षभरात काही न करता 3 किलो कमी झालं तर डॉक्टरकडे जायचंच, थायरॉइड, शुगर, टीबी, मन खचलेलं असणं, दात, एखादं औषध, कारण काहीही निघू शकतं. उलट दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं, पाय सुजले, धाप लागते, तर ते लाडवाचं वजन नसतं, अंगात पाणी साठतंय, त्यात तर एक दिवसही थांबू नका. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 23 च्या वर गेला की आपल्याकडे वजन जास्त धरतात, पण म्हातारपणी थोडं वर असलेलं चालतं, विनाकारण उतरलेलं वजन त्याहून जास्त काळजीचं असतं.

आता खाण्याचं. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60-70 ग्रॅम (किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच). एका अंड्यात 6 ग्रॅम, कपभर दुधात 6-7, वाटीभर घट्ट वरणात तेवढंच, मूठभर शेंगदाण्यांत 7-8. चहा-खारी-भातावर हा हिशोब कसा जमणार? आणि सगळं एका वेळी नको, तिन्ही वेळच्या खाण्यात थोडं थोडं हवं. चावत नाही म्हणतात त्यांना मी उसळ अर्धी घोटून देते, मुगाच्या डाळीचं धिरडं, कुळथाचं पिठलं, रसातले मऊ शेंगोळे, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, हे डबे रिकामे परत येतात. मटार, पावटा, ओला हरभरा या दिवसांत मंडईत भरपूर असतो, भोगीची मिसळीची भाजी एक दिवसच का करायची?

लाडू बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही. तूप, गूळ, खोबरं, मध्यम लाडवात दीड-दोनशे कॅलरी सहज असतात, त्यामुळे वजन वाढतंय त्यांनी अर्धा, आणि तो नाश्त्याच्या जागी नाही पण नाश्ता थोडा कमी करून त्याच्यासोबत. ज्यांचं उतरतंय त्यांना तोच लाडू पूर्ण द्या, वर कपभर दूध. मार्गशीर्षातले गुरुवार, एकादशी करणाऱ्यांनी साबुदाण्यात दाण्याचं कूट सढळ हाताने घाला, दूध-दही घ्या, नुसता साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्चच. पाणी पण, थंडीत तहान लागत नाही आणि वयानेही कमी होते, त्यामुळे आठवण करूनच द्यावं लागतं.

आणि आता बागांचं, जे मला सगळ्यात जास्त खुपतं. पुण्यात जानेवारीत पहाटे 10-12 डिग्री, कधी त्याच्याही खाली, आणि दुपारी 28-30. सूर्य उगवायलाच सात वाजून जातात. अशात सहा वाजता अंधारात फिरायला जायचं म्हणजे गारठा, थंडीने बीपी वर, आणि हवेत कचरा-पाला जाळल्याचा धूर खाली बसलेला. मग ज्येष्ठ काय करतात, दोन महिने फिरणंच बंद. त्यांच्यासाठी चांगली वेळ अकरा ते चार, ऊन असतं, डी व्हिटॅमिनही त्याच उन्हात मिळतं, आणि आमच्या जवळची बाग नेमकी अकराला बंद होते ती चारला उघडते! रस्त्यावर चालावं तर फूटपाथवर टू-व्हीलर. तळजाई किंवा पर्वतीची टेकडी सगळ्यांना झेपत नाही.

म्हणून संबंधितांना विनंती आहे की डिसेंबर ते फेब्रुवारी बागा दुपारीही उघड्या ठेवा. एक जास्तीचा रखवालदार लागेल, झाडलोट सकाळी लवकर उरकावी लागेल, बस. तोपर्यंत सोसायट्यांनी गच्चीचं कुलूप दुपारी काढावं, दोन खुर्च्या टाकाव्यात, आजी-आजोबांनी वीसेक मिनिटं चालावं आणि भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून आठ-दहा वेळा उठबस करावी, सोबतीला कोणीतरी असलं तर फारच चांगलं.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे