ड्रेसर काकांना, मांजरीवाल्यांकडून

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार वि. वि.

सरकारी कागदावर तुमच्या पदाचं नाव ‘व्रणोपचारक’ असं होतं, पण तालुक्यात तुम्हाला सगळे ड्रेसर काकाच म्हणतात, म्हणून इथेही तेच. गाई-म्हशींच्या रांगेत कुणी बाजाराच्या पिशवीतून मांजर घेऊन आलं, तर तुम्ही त्याला कधी हसला नाहीत. पहिले आभार त्याचे. बाकीचे कशाकशाचे आहेत ते जरा सविस्तर लिहितो. पत्र उघड लिहितोय, कारण दारात जखमी मांजर आणि खिशात महिनाअखेर असलेले लोक पुष्कळ आहेत, त्यांच्याही हाती ते पडावं.

पैसा कमी असेल तर तो कुठे आधी लावायचा, हा क्रम तुम्ही शिकवलात. पहिला खर्च डॉक्टरांनी हात लावून तपासण्याचा, दुसरा वेदनाशामकाचा, तिसरा एक्स-रेचा. रक्ताच्या तपासण्या, टॉनिकं, मल्टिव्हिटॅमिनचे थेंब हे सगळं नंतर. कुठल्याही तपासणीआधी डॉक्टरांना विचारायचा प्रश्नही तुमचाच: या रिपोर्टने उपचार बदलणार आहेत का? बदलणार असतील तर उसने घेऊन करावी, नसतील तर ते पैसे ऑपरेशनसाठी ठेवावेत. बहुतेक डॉक्टर या प्रश्नाचं सरळ उत्तर देतात.

एक्स-रेबद्दल सांगितलेली युक्ती तर सोन्यासारखी. मांजर एवढीशी असते की छातीपासून कंबरेपर्यंत सगळी एकाच प्लेटमध्ये मावते. गाडीखाली आलेली किंवा गच्चीवरून पडलेली असेल तर तशी प्लेट मागायची. मोडलेला पाय डोळ्यांना दिसतो, फाटलेला पडदा दिसत नाही. छाती आणि पोटामधला पडदा फाटून आतडी वर सरकली असतील, तर भूल दिल्यावर मांजर टेबलावरच दगावू शकते. म्हणून नसबंदी असो की टाके, धक्का बसलेल्या मांजरीला भूल देण्याआधी छाती पाहिलेली बरी.

हात लावण्याआधी लांबून काय बघायचं, तेही तुमच्याकडूनच कळलं. स्वस्थ बसलेली मांजर मिनिटाला साधारण २० ते ३० श्वास घेते. तोंड उघडून धापा टाकत असेल तर घरगुती काहीही करत बसू नये, तशीच उचलून दवाखाना गाठावा. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. पांढऱ्याफटक असतील तर आत रक्तस्राव किंवा शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेलं. निरोगी मांजरीच्या अंगाचं तापमानच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट इतकं असतं, म्हणजे आपल्या हाताला मांजर नेहमीच गरम लागणार, त्यावरून अंदाज बांधू नये. चोवीस तासांत लघवी झाली नाही तर मूत्राशय फाटलंय किंवा कंबरेच्या नसा दबल्यात, असं धरून निघावं. ट्रेमधला कागद ओला आहे की कोरडा, ही फुकटातली तपासणी आणि हीच सगळ्यात जास्त विसरली जाते.

मादी असेल तर आणखी एक. पोट उलटं करून स्तन बघायचे. बोंडांभोवतीचे केस झिजलेले आणि दाबल्यावर दूध येत असेल, तर कुठेतरी माळ्यावर नाहीतर लाकडांच्या ढिगात पिल्लं वाट बघत आहेत. मांजर चार दिवस पिंजऱ्यात ठेवून तिला बरं करायचं आणि पिल्लं तिकडे उपाशी मरायची, असं होता कामा नये. आधी शोधाशोध, शेजाऱ्यांना विचारणं, रात्रीच्या शांततेत कान देणं. दूध नाही पण बोंडं फुगून गुलाबी झाली असतील तर ती गाभण असण्याची शक्यता. गाभण राहिल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात हा रंग येतो. हे डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण काही औषधं तेव्हा चालत नाहीत.

आता न करायच्या गोष्टी. यावर तुम्ही चिडत असा, आणि ते बरोबरच होतं. क्रोसिन, डोलो, म्हणजेच पॅरासिटामॉल, मांजरीला विष आहे. तिच्या यकृताला ते पचवता येत नाही. रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. माणसाची एक गोळी मोठ्या मांजरीचाही जीव घ्यायला पुरते. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांनी मूत्रपिंडं जातात. मांजरीसाठी जे वेदनाशामक डॉक्टर लिहितात, तेसुद्धा पाणी न पिणाऱ्या, सुकलेल्या मांजरीला धोक्याचं, म्हणून आधी सलाईन, मग औषध. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचे परमेथ्रिन असलेले थेंब मांजरीला लावले तर झटके येतात. डेटॉल नको, फिनाईल नको, टर्पेंटाइन नको. जखमेवर जे लावू ते ती चाटून पोटात घेणार, हे धरूनच चालायचं. आणि हळद. आपल्याकडे हळद भरल्याशिवाय उपचार झाल्यासारखं कुणाला वाटतच नाही! पण पूड जखमेवर बसून पापुद्रा धरते, वरून सुकलेलं दिसतं आणि खाली पू साचतो.

धुवायला सलाईन. बाटली नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट दीड छोटा चमचा मीठ, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. २० मि.ली.ची सिरिंज, सुई काढून. धार जखमेच्या मधून बाहेरच्या बाजूला मारायची आणि खाली येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. यात घाई झाली की पुढचं सगळं वाया. मग पोव्हिडोन आयोडीन पातळ करून. बाटली १० टक्क्यांची असेल तर एका भागाला दहा भाग पाणी, ५ टक्क्यांची असेल तर पाच भाग. रंग फिक्या कोऱ्या चहाइतका दिसला पाहिजे. घट्ट लावलं तर नवीन येणारं मांसच जळतं. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या फेसाचंही तेच.

चावल्याची जखम वेगळी. दुसऱ्या मांजरीचा सुळा सुईसारखा आत जातो, वरचं भोक दिवसभरात बुजतं, आणि दोन-चार दिवसांनी तिथे गरम गाठ येते. ती दाबून फोडायची नाही, डॉक्टरांकडून चीर देऊन घ्यायची आणि ती चीर काही दिवस उघडी ठेवायची. किडे पडले असतील, तुमच्या भाषेत आसड्या, तर भोवतालचे केस कापून चिमट्याने एकेक काढायच्या, धुवायचं, पुन्हा बघायचं. एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत. गुरांचा स्प्रे मारून मोकळं होता येत नाही, कारण पुन्हा तेच, चाटणं.

मोठ्या, घाण झालेल्या, टाके घालता न येणाऱ्या जखमेसाठी तुम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने साखरेचं ड्रेसिंग करत होता. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती चेष्टा वाटते. पण दाणेदार साखर पाणी ओढून घेते, त्या कोरडेपणात जंतू वाढत नाहीत, सूज उतरते. धुतलेल्या जखमेवर जवळपास एक सेंटीमीटरचा थर, वर जाड गॉज, वर बँडेज, आणि दिवसातून एकदा-दोनदा पूर्ण धुऊन नवीन. साखर विरघळून पाक झाला की तिचं काम संपलं, म्हणून सुरुवातीला वेळेवर बदलणं महत्त्वाचं. तळाशी लाल, दाणेदार, निरोगी मांस दिसायला लागलं की साखर बंद. पायाचं बँडेज बांधताना मधली दोन बोटं बाहेर ठेवायची. ती सुजली, गार पडली किंवा फाकली तर बँडेज घट्ट आहे, लगेच सोडायचं. मोडलेल्या पायाला घरी कामट्या बांधायच्या नाहीत. खोक्यात टॉवेल घालून, आडवी तशीच न्यायची.

खाणं. तीन किलोच्या मांजरीला दिवसाला किमान १६० कॅलरी लागतात, म्हणजे बिनमिठाचं, बिनकांद्याचं, बिनलसणीचं उकडलेलं छातीचं चिकन साधारण १०० ग्रॅम. काही आठवड्यांपुरतं एवढं चालतं, कायमचं नाही, कारण नुसत्या मांसात कॅल्शियम फारच कमी असतं. दुधाने बऱ्याच मांजरींना जुलाब लागतात. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचून नवंच दुखणं उभं राहतं, जाड मांजरीत जास्तच. म्हणून कोमट करून द्यायचं, वास आला की निम्मं काम होतं. तरीही नाही खाल्लं तर सिरिंजने, गालाच्या बाजूने, एकेक मि.ली., मान सरळ ठेवून. गोळ्यांमध्ये डॉक्सिसायक्लिन असेल तर मागून पाच-सहा मि.ली. पाणी द्यायलाच हवं. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होऊन नळी आकसते, आणि जखम बरी झालेली मांजर गिळता येत नाही म्हणून खंगते. अँटिबायोटिकचं पावडरीचं सिरप कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि त्यावर लिहिलेल्या मुदतीनंतर टाकायचं. पुढच्या मांजरीसाठी जपून ठेवायची ती वस्तू नव्हे.

पिंजरा विकत घ्यायची गरज नाही. फळवाल्याकडचे दोन प्लास्टिक क्रेट, एकावर एक उलटे, केबल टायने बांधलेले. एका बाजूचे टाय तेवढे रोज कापायचे आणि नवे लावायचे. ट्रेमध्ये वाळू घालू नये, जखमेत चिकटते. वर्तमानपत्राच्या पट्ट्या बऱ्या. गळ्यातली कॉलर जुन्या एक्स-रे फिल्मची, कडेला चिकटपट्टी, लांबी नाकाच्या पुढे दोन बोटं, आणि गळ्याशीही दोन बोटं जातील इतकी सैल.

आणि आता ज्यासाठी तुमचे खरे आभार. नसबंदी न झालेली मादी बरी करताना लोक जखमेचा हिशेब करतात, नसबंदी ‘नंतर बघू’ मध्ये टाकतात. तुम्ही ती पहिल्या दिवशीच हिशेबात धरायला लावलीत. त्यामागची कारणं आम्हाला आता पाठ आहेत. आपल्याकडे दिवस फारसे लहान होत नाहीत, त्यामुळे मांजर जवळजवळ वर्षभर माजावर येऊ शकते. संग झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. चार-सहा महिन्यांचं पिल्लूसुद्धा येतं, आणि अंगावर पाजणारीही. माजावरची मांजर ओरडते, लोळते, मागचे पाय आपटते. बघणाऱ्याला वाटतं दुखणं वाढलं आणि तो वेदनाशामक वाढवायला सांगतो. कंबर मोडलेल्या मांजरीने असं लोळणं, क्रेट फोडून बोक्यामागे जाणं म्हणजे जुळत आलेलं हाड पुन्हा हललं. शिवाय कंबरेची हाडं जुळताना जन्ममार्ग अरुंद होतो. चार ते सहा आठवडे क्रेटमध्ये ठेवून चालती केलेली मादी नंतर गाभण राहिली तर पिल्लू अडकतं, आणि रात्री-अपरात्री सिझेरियनचा खर्च नसबंदीच्या कितीतरी पट होतो. माज लांबवण्याची म्हणून मिळणारी हार्मोनची इंजेक्शनं आणि गोळ्या स्वस्त दिसतात, पण त्यांनी गर्भाशयात पू होतो, स्तनांत गाठी येतात. माज संपून काही आठवड्यांनी मांजर खूप पाणी प्यायला लागली, पोट फुगलं, मागून स्राव दिसला तर तोच पू. ती वाट बघायची वेळ नाही.

वेळेचं गणितही तुम्हीच मांडून दिलंत. जखम ताजी आणि स्वच्छ असेल, मांजर स्थिर असेल, तर टाके आणि नसबंदी एकाच भुलीत करता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं. एक भूल वाचते. जखमेत पू किंवा अंगात ताप असेल तर मुळीच घाई नको, उघड्या पोटात जंतू जायचे. माजावर असेल तर गर्भाशयात रक्त जास्त असतं, बरेच डॉक्टर थोडं थांबतात. दुधावर असेल तर पिल्लं खायला लागून दूध आटेपर्यंत थांबायचं, पण त्या काळात बोक्यापासून कडेकोट वेगळं. कुशीतून चीर घेतली तर स्तनांपासून लांब राहते आणि रस्त्यावर सोडल्यावरही टाके लांबून दिसतात. भुलीतच डाव्या कानाचं टोक कापून घ्यायचं, म्हणजे पुढे कुणी तिला पुन्हा पकडून पोट उघडणार नाही. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर कॉलर, किंवा जुन्या लेगिंगच्या पायाला चार भोकं पाडून केलेली बंडी.

जागांची यादीही तुमचीच. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नाममात्र केसपेपर. मोठं ऑपरेशन असेल तर मुंबईत परळचं बैलघोडा, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर. तिथे वेळ जातो, शिकणारी मुलं भोवती जमतात, पण हाडांचं काम खासगीपेक्षा स्वस्तात होतं. गॉज, सलाईन, आयोडीन जनऔषधी केंद्रातून.

निवृत्तीनंतरही तुमचा फोन वाजतो आणि तुम्ही तो उचलता. घरी काकूंनाही आमचा नमस्कार सांगा.

आपले,
गल्लीतली मांजरं सांभाळणारे आम्ही सगळे

ता. क. जखमी मांजर हाताळताना चावली किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. चावा हाताच्या सांध्यावर असेल तर सूज येण्याचीही वाट बघायची नाही. जाड टॉवेल मागून टाकून, मान आणि पुढचे पाय एकत्र गुंडाळून उचलायची, हे काका सगळ्यांना सांगत. पत्र वाचून कुणी आज रात्रीच कुणाला उचलणार असेल, म्हणून लिहिलं.