इंच सोड, उंची बघ

पुणे, रविवार

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. "घरात तिघांना पुरेल असा एकच सोळा इंची लॅपटॉप घेऊन टाकतो, कंपनी तेवढी सुचव," असं लिहिलंयस. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि करायचं तेच करतोस. म्हणून हा कागदी खटाटोप.

आधी ते 'तिघांत एक' डोक्यातून काढ. वहिनींना दुकानाचे हिशेब टॅलीत टाकायचे. तुला प्रुफं वाचायची आणि दर आठवड्याला नाशकाहून पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला प्रकाशकाकडे जायचं. लेक हॉस्टेलला निघालीय. ज्या दिवशी मशीन घेऊन तू मुंबईत, नेमका त्याच दिवशी वहिनींना जीएसटीचा रिटर्न भरायचा असणार, हे मी आजच लिहून देतो.

आमच्या ऑफिसात नव्या माणसाला मशीन द्यायचं काम माझ्याकडे आहे, हे तुला माहीतच आहे. विचारलं की बहुतेक जण मोठाच मागतात. तेवढ्याच पैशात मोठा मिळतोय तर लहान का घ्या, हा आपला पिढीजात हिशेब. मग फिरतीवरची पोरं काही महिन्यांनी हळूच येतात, "सर, तो चौदावाला पडून आहे का एखादा?" उलट अकाउंट्सच्या मंडळींना चौदा इंची दिला तर दुसऱ्या दिवशी तक्रार हजर: उजवीकडचा आकड्यांच्या कळांचा नंबर पॅड कुठाय? तेव्हा मी आता इंच विचारतच नाही. दिवसाचं काम काय आणि मशीन ठेवणार कुठे, एवढंच विचारतो.

तुझं काम म्हणजे मजकूर, वरून खाली वाचत जायचा. म्हणून तुला रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची, आणि दुकानात सांगतात त्या आकड्यात नेमकी तीच कळत नाही. १४ काय, १५.६ काय, हे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतलेलं असतं. स्क्रीन आडवी ताणलेली असली तरी इंच तेवढेच, उभी सरकलेली असली तरी तेवढेच. मधली बरीच वर्षं जवळपास सगळे लॅपटॉप १६:९ प्रमाणाचे यायचे, म्हणजे रुंदी सोळा भाग तर उंची नऊ, सिनेमाला सोयीचे. आता १६:१० चे पुष्कळ मिळतात. पट्टी घेऊन बस आणि हे बघ: १५.६ इंची १६:९ स्क्रीनची उंची साधारण १९.४ सेंटिमीटर. १४ इंची १६:१० ची १८.८. फरक जेमतेम सहा मिलिमीटरचा! रुंदीत मात्र चार सेंटिमीटरहून जास्त वाचतात, आणि सॅकेत, मांडीवर, शेजाऱ्याच्या कोपरापाशी जी अडचण होते ती रुंदीचीच.

तुझा सोळा इंची १६:१० चा असेल तर त्याची उंची साडेएकवीस. म्हणजे पावणेतीन सेंटिमीटर जास्त, मजकुराच्या चारपाच ओळी. त्या ओळींचं मोल मी नाकारत नाही. पण त्यासाठी चारपाचशे ग्रॅम जास्त वागवायचे. दुकानात एका हाताने उचलून बघताना अर्धा किलो काहीच वाटत नाही. दादरचा पूल चढताना पाठीवर प्रुफांचा गठ्ठा, डबा, पाण्याची बाटली, चार्जर आणि वर तो, मग कळतं. शिवाय लोकलमध्ये शिरताना सॅक पुढे छातीशी घ्यावी लागते, तेव्हा तिची जाडीसुद्धा मोजली जाते. आणि गाडीत उघडून पुस्तकाचे दोन फॉर्म (छपाईच्या पानांचे गट) वाचावेत म्हणशील, तर मांडीवर सोळा इंची पसरला की दोन्हीकडच्यांची माफी मागत बसायचं. एसी चेअर कारचं तिकीट काढलंस तरी पुढच्याने पाठ मागे टाकली की मोठं झाकण नीट उघडत नाही.

नंबर पॅडचं आणखी एक. तो असला की अक्षरांच्या कळा आणि खालचा टचपॅड डावीकडे सरकतात. स्क्रीनचा मध्य एकीकडे, आपले हात दुसरीकडे. आकडे टाकणाऱ्याला हे परवडतं, दिवसभर मजकूर टाइप करणाऱ्याची मान वाकडी होते. चौदा इंचीत बहुधा ही भानगडच नसते. आणि कळा लहान असतील ही भीती नको, चौदा इंचीत त्या नेहमीच्याच अंतरावर असतात, मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर. ती कुचंबणा खरोखरच्या पिटुकल्या मशीनवर व्हायची. २००७ साली आसुसचा सात इंची ई पीसी आला होता, आठवतो? त्यावर जोडाक्षर टाइप करायला बोटं सोलून घ्यावी लागली असती.

आता डोळ्यांचं, कारण आपली पन्नाशी झालीय आणि तुझं तर पोटच डोळ्यांवर आहे. तुला 'रु' आणि 'रू' मधला फरक दिसायला हवा, अनुस्वार आहे की कागदावरचा डाग ते कळायला हवं. ते इंचांवर कमी आणि ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) दाटीवर जास्त अवलंबून असतं. १५.६ इंचीत १३६६ × ७६८ ची स्क्रीन (आडवे × उभे ठिपके) असेल तर एका इंचात साधारण १०० ठिपके येतात. १४ इंचीत १९२० × १२०० असेल तर १६२. मोठ्या पण विरळ स्क्रीनवर उकाराची शेपटी पायरीपायरीने तुटलेली दिसते, तुला दिवसभर ते सोसणार नाही. दाट स्क्रीनवर सगळं बारीक दिसतं हे खरं. विंडोजमध्ये ते १२५ किंवा १५० टक्के मोठं करता येतं, पण १५० केलंस की १९२० × १२०० मध्ये १२८० × ८०० इतकाच ऐवज मावतो. अक्षर सुबक, पण एका वेळी पानाचा तुकडा. लहान मशीनची ही किंमत आहे, ती मी लपवत नाही.

म्हणूनच घरच्या टेबलावर वेगळा मॉनिटर घे म्हणतो. ए-फोर कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर. तुझ्या सोळा इंचीतसुद्धा ते पान खऱ्या मापात उभं मावणार नाही. चोवीस इंची मॉनिटरची उंची मात्र जवळपास तेवढीच! जणू प्रुफांसाठीच मापून घेतलाय. शेजारी शेजारी दोन पानं लावलीस तरी बाजूला दहाएक सेंटिमीटर उरतात, म्हणजे जुनं प्रूफ आणि नवं प्रूफ समोरासमोर. साधा फुल एचडी (१९२० × १०८०) दहा हजारांच्या आसपास मिळतो, पण चोवीस इंचांत त्याचे ठिपके विरळ पडतात. तुझ्या कामाला २५६० × १४४० चा बघ, महाग पडला तरी. सोळाऐवजी चौदा घेतलास म्हणून अक्षरं लहान झाली, अशी ओरड मग तुला करता येणार नाही.

वहिनींचं काम टेबलावरून हलत नाही. घरातला जुना १५.६ इंची त्यांच्याकडे जाऊ दे, त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून घे. मात्र आधी त्यावर विंडोज ११ चालतं का ते बघ. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि हिशेबाचं मशीन तसं उघडं ठेवू नये. चालत नसेल तर त्यांना एक साधा डेस्कटॉप घे. लेकीचं आत्ता ठरवूच नकोस. शाखा नक्की होऊ दे, कॉलेजातल्या वरच्या वर्गाच्या मुलींना विचारू दे. आर्किटेक्चर किंवा थ्रीडीचं काही असेल तर तिला ग्राफिक्स कार्डवाला सोळा इंची लागेलही, दोन किलोंच्या वरचा, शिवाय त्याचा विटेएवढा चार्जर.

नाशकात बघ नाहीतर दादरला गेलास की मुंबईतल्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला चक्कर मार, कुठेही गेलास तरी स्वतःची सॅक, वाचायचा चष्मा आणि पेनड्राइव्हवर एका प्रुफाची पीडीएफ घेऊन जा. दुकानदाराला १६:१० विचारलंस तर कदाचित तो तुझ्याकडे बघत राहील. त्यापेक्षा रिझोल्यूशन विचार: १९२० × १२०० म्हणाला तर उभी जास्त, १९२० × १०८० म्हणाला तर तीच जुनी आडवी. वजन चार्जरसकट विचार, छापील वजनात चार्जर धरलेला नसतो. पीडीएफ उघडून आपल्या नेहमीच्या अंतरावरून वाच, आणि दुकानातला दिवा स्क्रीनमध्ये ट्यूबलाइटसारखा चमकत असेल तर ते मशीन खाली ठेव. टाइप-सीवरून चार्ज होतो का आणि त्याच वायरीने मॉनिटर चालतो का, तेही विचारून घे.

पैसे द्यायच्या आधी खोक्यावरच्या लेबलचा फोटो मला पाठव. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा आहे. आणि दुकानदाराने "साहेब, तेवढ्यातच पंधरावाला देतो" म्हटलं की तिथूनच फोन लाव, मी बोलतो त्याच्याशी.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
नान्या