अक्का, त्या थरथरत्या रेषेसाठी थँक्यू

अक्का,

फोनवर थँक्यू म्हटलं की तू "बास की आता" म्हणून विषय बदलतेस, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

प्रोजेक्टला पाण्याला आधण येताना बुडबुडे कधी न कसे धरतात ते टेंपरेचर मोजून बघायचं होतं. बेळगावातल्या वडगावात आमच्या स्वयंपाकघरात स्टीलचं पातेलं, तळाजवळ टेंपरेचर मोजणारा डीएस१८बी२० सेन्सर, लॅपटॉपवर ग्राफ. रेष नीट चढत जायची आणि नव्वदच्या पुढंमागं थरथरायला लागायची, घरात सगळे म्हणाले वायर लूज हाय, कोण म्हणालं अ‍ॅव्हरेज काढून गुळगुळीत कर. तू एकटीच म्हणालीस, ती थरथर पुसू नको, प्रत्येक रीडिंगमधनं आधीचं वजा कर आणि त्याचा वेगळा ग्राफ काढ.

काढला, तर पातेलं सूं करायला लागतं तिथंच थरथर वाढलेली! तळाच्या बारीक ओरखड्यांत वाफेचा बुडबुडा धरतो, सुटून वर निघतो, वरचं पाणी त्यामानानं अजून गार, मग वाटेतच मिटतो, आणि असे ढीगभर मिटतात त्याचाच तो आवाज. सगळं पाणी उकळायला लागलं की बुडबुडे न मिटता वरपर्यंत येतात, आवाज पण बदलतो.

त्याच्या कितीतरी आधी कडेला चिकटतात ते बारके बुडबुडे वाफेचे नव्हेतच, विरघळलेली हवा ती, पाणी तापलं की मावत न्हाई. तेच पाणी गार करून लगेच परत तापवायला लावलंस तेव्हा ते जवळजवळ दिसलेच न्हाईत.

शंभर का आलं न्हाई हे परीक्षकांनी विचारलंच. बेळगाव समुद्रापासून साधारण साडेसातशे मीटर उंच, हवेचा दाब कमी, म्हणून साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळणार, हे सांगितलं आणि तू बजावलेलं पण सांगितलं की ८५ च्या वर ह्या सेन्सरची अर्ध्या डिग्रीची गॅरंटी नसते, तेव्हा पॉइंटानंतरच्या आकड्यावरनं भांडायचं न्हाई. खरं सांगू, त्यांना ग्राफपेक्षा हेच जास्त आवडलं. पुढं गॅस फुल केला तरी रेष आडवीच, कारण ग्रॅमभर पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी लागतात, सगळी आच तिकडंच जाते.

तुझा दुसरा सेन्सर माझ्याकडंच हाय. दिवाळीला आलीस की देतो, न्हाईतर राहू दे की, दूध उतू जाताना काय होतंय ते बघायचंय मला.