पानात पान

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा स्क्रीनशॉट पाहून आधी पोट धरून हसलो. मागवली होतीस फक्त ग्राहकांची यादी, तीही अजॅक्सने, म्हणजे पान न बदलता. पण टाइल्स, म्हणजे प्रत्येक पानाला लोगो-मेनूचा साचा चढवणारी लायब्ररी, आड आली आणि यादीच्या जागी अख्खी साईट पुन्हा उगवलेली: तोच लोगो, तोच मेनू, खाली कॉपीराइटची ओळसुद्धा दोनदा. मग आठवलं की तीन वर्षांपूर्वी हेच दृश्य मी डेमोत दाखवलं होतं, आणि तेव्हा हसलं कुणीच नव्हतं.

फोनवर तू म्हणालास की जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या लोडला सिलेक्टर (पानातला कुठला भाग हवा, ती खूण) देऊन हवा तेवढा भाग उचलतो. दिसायला ते ठीक दिसेल रे, पण सर्व्हर बिचारा दर वेळी सगळं पान रांधतोच आहे. मेनूच्या क्वेऱ्या चालतात, सूचनांचा आकडा मोजला जातो, आणि ब्राउझर त्यातलं बहुतेक फेकून देतो. पंगतीत पहिल्यांदा पान मांडताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर सगळं जागच्या जागी लागतं. पण मधेच कुणी 'वरण' म्हटलं तर वाढपी वरणाचं भांडं घेऊन येतो, नवं पान मांडत नाही. तुमचा वाढपी दर हाकेला नवं पान मांडतोय.

तेव्हा दुरुस्ती सर्व्हरवरच कर, आणि एकाच जागी कर. विनंती हाताळणाऱ्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये 'अजॅक्स असेल तर हे, नसेल तर ते' लिहीत बसलास तर दोन महिन्यांत कुणीतरी एक जागा विसरेलच. जेक्वेरी आपल्याच डोमेनवरच्या विनंतीला एक्स-रिक्वेस्टेड-विथ हा हेडर (विनंतीसोबत जाणारी चिठ्ठी) आपणहून लावते. स्प्रिंग या तुमच्या जावा फ्रेमवर्कचा एक इंटरसेप्टर, म्हणजे प्रत्येक विनंतीला वाटेत गाठणारा कोड, लिही. कंट्रोलरचं काम झाल्यावर चालणाऱ्या त्याच्या पोस्टहँडलमध्ये तो हेडर दिसला की व्ह्यूच्या (दाखवायच्या पानाच्या) नावाआधी 'अजॅक्स/' जोडायचं, बस. टाइल्सच्या एक्सएमएलमध्ये तुमची नेहमीची डेफिनिशन्स बेस लेआउटवरून, म्हणजे त्या साच्यावरून, येतात, ती तशीच राहू देत. खाली एकच नवी टाक: नाव 'अजॅक्स/' आणि पुढे दोन तारे, टेम्प्लेट थेट त्या नावाची जेएसपी, म्हणजे साच्याविना पानाची फाइल. तारे दोनच हवेत. एक तारा स्लॅशपाशी थांबतो, आणि तुमची व्ह्यूची नावं फोल्डरसकट आहेत.

यात मी दोनदा आपटलो. एकदा 'रिडायरेक्ट:'ने सुरू होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर पाठवणाऱ्या, नावालाही इंटरसेप्टरने इमानेइतबारे 'अजॅक्स/' चिकटवलं आणि सेव्हचं बटण मेलं. ती नावं वगळ. दुसऱ्यांदा तर फारच झोंबलं. यादी आली, पण सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन! डेटाबेसला शिव्या घालण्यात अर्धा दिवस गेला. खरं कारण असं, की मराठी अक्षरं सांभाळणाऱ्या यूटीएफ-८ एन्कोडिंगची ओळ फक्त लेआउटच्या जेएसपीत होती. आतली जेएसपी तोवर लेआउटच्या जिवावर जगत होती. एकटी बाहेर पडल्यावर ती मूळच्या लॅटिन एन्कोडिंगवर गेली, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. वेब डॉट एक्सएमएल या सेटिंग्जच्या फाइलमध्ये सगळ्या जेएसपींसाठी पेज-एन्कोडिंग एकदाच लावून टाक. इंग्रजी नावांवर टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

तुझ्या टीममधल्या त्या नव्या मुलाला सांग, जेक्वेरीऐवजी ब्राउझरचं स्वतःचं फेच वापरलंस तर तो हेडर स्वतः लावायचा. फेच आपणहून काही लावत नाही.

आणि तुमच्या साहेबांनी वेब डॉट एक्सएमएलमध्ये असिंक-सपोर्टेड ट्रू केलंय, ते वेगळंच प्रकरण आहे. जावाच्या २००९च्या सर्व्हलेट ३.०मधली ती सोय, सर्व्हरचा थ्रेड (विनंतीचं काम करणारा धागा) अडकून पडू नये म्हणून. ब्राउझरने विनंती कशी केली याच्याशी तिचा संबंध नाही. नावातल्या 'असिंक'ने साहेबांना चकवलं. त्यांना चारचौघांत सांगू नकोस.

आता बॅक बटणाचं ऐक. आम्ही यादी गाळली की पुशस्टेटने, पान पुन्हा न आणता, ब्राउझरमधला पत्ता बदलत होतो, आणि पूर्ण पान न् तुकडा दोन्ही त्याच पत्त्यावर मिळत होते. ग्राहक यादी गाळायचा, दुसऱ्या पानावर जायचा, बॅक दाबायचा. क्रोम म्हणायचा, हा पत्ता माझ्याकडे साठवलेला आहे की! आणि शेवटी आलेला तुकडाच दाखवायचा. ना मेनू, ना सीएसएस. एका ग्राहकाने फोन करून सांगितलं, "अहो, तुमची साईट उघडीबोडकी दिसतेय." आमच्याकडे एफ-५ दाबलं की सगळं ठीक, त्यामुळे आठवडाभर आम्ही त्यालाच वेडा ठरवत होतो. शेवटी तुकड्यांना नो-स्टोअर ('साठवू नकोस') लावलं आणि दोन्ही उत्तरांना व्हेरीमध्ये ('यानुसार उत्तर बदलतं') एक्स-रिक्वेस्टेड-विथचं नाव दिलं, तेव्हा भूत उतरलं. तू आजच लाव, ग्राहकाच्या फोनची वाट पाहू नकोस.

सेशन संपल्यावर लॉगिनचा चौकोन यादीच्या पोटात उगवतो, तोही याच घराण्यातला. सर्व्हरकडून ३०२ ('दुसरीकडे जा') आला की ब्राउझर स्वतःच पुढच्या पत्त्यावर जातो. तुझ्या जावास्क्रिप्टला फक्त २०० ('सगळं ठीक') दिसतं, म्हणून ती खुशाल लॉगिन चिकटवते. स्प्रिंग सिक्युरिटीत तो हेडर असलेल्या विनंत्यांना वेगळा एंट्री पॉइंट (लॉगिन नसेल तर काय करायचं ते ठरवणारा भाग) देऊन सरळ ४०१ ('आधी लॉगिन कर') पाठव, आणि ४०१ आला की जावास्क्रिप्टने अख्खं पान लॉगिनकडे न्यावं.

टाइल्स सोडून सगळं नव्याने लिहायचं का, हा तुझा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. अपाचेने टाइल्सला २०१८च्या डिसेंबरात निवृत्त केलं आणि २०२२मध्ये स्प्रिंग ६ने तिचा आधार काढला, म्हणजे एक दिवस सोडावी लागणारच. पण तुम्ही स्प्रिंग ५वर आहात आणि पुढच्या महिन्यात रिलीज आहे. रिलीजच्या तोंडावर कुणी घराचा पाया खणतं का? पुढे थायमलीफ या टेम्प्लेट इंजिनवर गेलात तर व्ह्यूच्या नावापुढे दोन कोलन देऊन हवा तो तुकडा मागता येतो. तिथेही बॅक बटण आणि लॉगिन तुला भेटतीलच.

तुमची टाइल्सची एक्सएमएल पाठव. मंगळवारी रात्री बसून बघतो, बुधवारी आईला दवाखान्यात न्यायचंय. वहिनींना सांग, चकल्या पोचल्या. डबा परत करताना रिकामा देणार नाही.

तुझा,
नंदू