सोडून गेलेल्यांच्या घरी कोण जातं?

मा. संपादक,
सलाम.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका ख्रिस्ती वाचकाचं पत्र आलं होतं, की हे नवीन फेलोशिपवाले (म्हणजे स्वतंत्र प्रार्थना मंडळ्या) जुन्या चर्चची मेंढरं, म्हणजे माणसं, पळवतात, गिटार आणि ड्रम लावून तरुणांना नादी लावतात वगैरे. पत्र वाचून मला जरा हसू आलं, कारण हेच वाक्य मी स्वतः कमिटीच्या मीटिंगमधे किती वेळा बोललेय. मी रिटायर्ड नर्स आहे, आमच्या पास्टरेट कमिटीत (चर्चचा कारभार बघणाऱ्या) ९ वर्षं खजिनदार होते. चर्चचं नाव लिहीत नाही, नगरवाले ओळखतील ते ओळखतील.

आधी एक गोष्ट, जी आपण सोयीस्कर विसरतो. आपले आजोबा पणजोबा ज्या चर्चचे झाले ते काय चार चर्चं फिरून, सिद्धांत तपासून झाले का? अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आलं, १८३१ ला नगरला, म्हणून नगर जिल्ह्यातले आपले लोक त्यांच्यात गेले. तिकडे अकोल्याकडे अलायन्स मिशन, बुलढाणा वाशीमकडे नाझरीन, मिरज कोल्हापूरला प्रेस्बिटेरियन. मिशनवाल्यांनी आपापसात जिल्हे वाटून घेतले होते. म्हणजे आपला पंथ ठरला तो एसटीच्या डेपोसारखा, ज्या गावात राहता तो तुमचा. आणि मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा लाखो लोकांनी झोपेत चर्च बदललं, शनिवारी एका नावाचे होते रविवारी उठले तर दुसऱ्या, तेव्हा कुणी मेंढरं पळवली म्हणालं नाही.

आणि टिळकांचं काय? कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन मिशनच्या कामात आले आणि १९१७ मधे तेच मिशनचं काम सोडून त्यांनी देवाचा दरबार नावाची स्वतःची मंडळी काढली, जिच्यात बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोघंही चालायचे. आज कुणी असं केलं तर आमच्या कमिटीने तिसऱ्या महिन्यात नाव काटलं असतं. आणि दर रविवारी आम्ही तोंड भरून गातो ती गीतं कुणाची, त्यांचीच.

बरं आता माझ्यावर आलेलं सांगते. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिने पिंपरीला मुलाकडे होते. मुलगा सून एका फेलोशिपला जातात, हार्डवेअरच्या दुकानावर हॉल आहे, वर पत्रा, आवाज असा की कानात कापूस घालावा. संदेश, म्हणजे प्रवचन, सव्वा तास. मी सवयीने दारात "सलाम" म्हटलं तर पोरं बघतच राहिली, तिथे सगळे "प्रेझ द लॉर्ड" म्हणतात. पहिल्या रविवारी मी ठरवलं की पुन्हा यायचं नाही. दुसऱ्या रविवारी सुनेच्या आग्रहाने गेले तर एका पोरीने पंख्याजवळ खुर्ची ठेवलेली, खाली उशी, आणि पाय वर ठेवायला स्टूल. मला म्हणाली, आजी गेल्या वेळी तुम्ही सारख्या उठबस करत होता. हे तिने बघितलं होतं आणि आठवडाभर लक्षात ठेवलं होतं. आमच्या चर्चमधे मी चाळीस वर्षं एकाच बाकावर बसतेय, त्या तीन महिन्यांत तिथून मला किती फोन आले, तर दोन. एक चर्चच्या वॉचमनचा. दुसरा पास-बुक कुठे ठेवलंय ते विचारायला.

आता हे वाचून कुणाला वाटेल म्हातारी फेलोशिपची झाली. थांबा. दोन महिन्यांनी मी तिथल्या एका भावाला सहज विचारलं, की हिशोब कधी वाचून दाखवता? चर्चमधे वाढलेल्या माणसाला यात काय वावगं वाटणार, आमच्यात वार्षिक सभेत दानार्पणाचा पैन् पै वाचला जातो आणि लोक त्यावर दोन दोन तास भांडतात. पण तो भाऊ गप्पच झाला. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, आई तिथे असलं विचारत नाहीत. का नाही विचारत? तर पाळकाला देवाने अभिषेक केलाय. ट्रस्टी कोण, पाळक, पाळकाची बायको आणि मेव्हणा. दशांश (कमाईचा दहावा भाग) मात्र प्रत्येकाचा पाकिटावर नाव लिहून. मला त्या रात्री झोप लागली नाही, ती गुडघ्यामुळे नाही.

म्हणजे एका ठिकाणी माणूस आजारी पडला तर कळत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाने प्रश्न विचारला तर चालत नाही. माझ्या मते चर्च निरोगी आहे का नाही हे बघायला या दोन गोष्टी पुरेशा आहेत. तुम्ही आला नाहीत तर कुणाला कळतं का, आणि तुम्ही तक्रार केली तर त्यानंतरही तुम्हाला तिथे बसता येतं का. गाणी पेटीवर म्हणा नाहीतर गिटारवर, मला आता फरक पडत नाही (पेटी असेल तर बरं).

बायबलमधे प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय काढून बघा. पहिल्याच मंडळीत भांडण लागलं, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या जेवणाच्या वाटपात डावललं जातंय म्हणून. प्रेषितांनी काय केलं? तक्रार करणाऱ्यांना बंडखोर म्हटलं नाही, सात माणसं निवडायला सांगितली आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप, निकानोर, तीमोन, सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांच्या बायामाणसांना जेवण मिळत नव्हतं त्यांच्याच माणसांच्या हातात पळी दिली. आमच्याकडे पळी कुणाच्या हातात असते ते सांगायला नको, तीच चार घराणी, तेच बाक, निवडणूक लागली की एकमेकांवर चॅरिटी कमिशनरकडे अर्ज. रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचं आणि सोमवारी वकिलाकडे. पोरं हे बघत मोठी होतात आणि मग आपण म्हणतो गिटारने नेली.

नोकरीमुळे जाणाऱ्यांचं तर वेगळंच. नगरहून पुणे पिंपरी चाकणला गेलेली आपली किती घरं आहेत, त्यातल्या कितींना आपण सभासदत्वाचं पत्र दिलं, तिथल्या पाळकाला फोन केला की बाबा आमची माणसं येतायत त्यांच्याकडे बघ? माणूस घर लावतो, गॅस लावतो, पोरांची शाळा बघतो, चर्च राहून जातं, मग जो शेजारी आधी बोलावतो तिकडे जातो. वसईच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीचं या बाबतीत सोपं आहे, जिथे राहायला जाईल तिथली पॅरिश ठरलेली, निदान जायचं कुठे हा प्रश्न नाही.

आणि अर्धवट सोडणारेही पुष्कळ आहेत. रविवार तिकडे पण नाव इकडे, कारण लग्नाची चिठ्ठी (लग्नाआधीची जाहीर सूचना) वाचायला आणि शेवटी कब्रस्तानात जागा मिळायला जुनं चर्च लागतं. यांना आम्ही कमिटीत "मयताचे मेंबर" म्हणायचो, हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते, का ते सांगते.

परत आल्यावर मी पाळकसाहेबांना म्हटलं, रजिस्टर काढा. दहा वर्षांत नाव गळालेली किंवा यायची बंद झालेली १४ घरं निघाली. एवढ्या वर्षांत त्यातल्या एकाही घरी आम्ही विचारायला गेलो नव्हतो, वर्गणीची बाकी मागायला मात्र माणूस गेला होता. मी आणि महिला मंडळातली एक बाई, दोघी निघालो. परत या म्हणायचं नाही, फक्त विचारायचं, असं ठरवलं होतं.

पहिल्याच घरी तिथल्या सुनेने चहा ठेवला, चांगलं बोलली, पोरं कुठे शिकतात ते सांगितलं. मग मी विचारलं की तुम्ही यायचं का बंद केलं. ती आत गेली आणि लाइट बिलांची फाइल घेऊन आली. त्यात एक पावती होती, २२०० रुपये, थकलेली वर्गणी. सासरे गेले त्या दिवशीची तारीख. म्हणाली, बॉडी घरात होती आणि चर्चमधून चिठ्ठी आली की बाकी भरल्याशिवाय कबरेची परवानगी नाही, नवरा शेजाऱ्याकडून पैसे घेऊन गेला. चिठ्ठी पावतीलाच टाचलेली होती.

अक्षर माझं होतं. खाली सही पण माझी. मला ती लिहिल्याचं आठवतसुद्धा नाही, अशा किती लिहिल्या असतील.

तिला ते माहीत होतं की नाही मी विचारलं नाही. मी म्हटलं ही मी लिहिलीय. ती म्हणाली, हो, चहा घ्या, गार होतोय. त्या दिवशी अजून दोन घरी जायचं होतं, ती पुढच्या शनिवारवर ढकलली.

आपली,
एक माजी खजिनदार,
अहिल्यानगर