‘ॲसिडिटीच आहे’ म्हणणाऱ्याशी वाद नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयविकाराचा रुग्ण उशिरा पोहोचला की चर्चा रस्त्यांवर आणि अँब्युलन्सवर येऊन थांबते. त्याआधीचा उशीर घरातच झालेला असतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

पहाटे तीनला छातीवर दडपण, डावा हात जड, बनियन घामाने चिंब. आणि माणूस ओवा चावत बसलेला. ‘ॲसिडिटीच आहे’ हा नकार. ‘रात्री भजी जास्त झाली’ हे युक्तीकरण, म्हणजे सोयीचं कारण शोधणं. बायकोने डॉक्टरांचं नाव काढताच तिच्यावर खेकसणं हे विस्थापन. भीती मरणाची, राग तिच्यावर. बाईमाणूस असेल तर ‘मुलांच्या परीक्षा झाल्या की दाखवते’. मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी १९३६ साली मनाच्या या संरक्षण यंत्रणा सविस्तर मांडल्या. त्या जाणूनबुजून वापरल्या जात नाहीत. भीती झेपेनाशी झाली की मन बातमीच दारात अडवतं. म्हणून अशा माणसाला हट्टी म्हणणं अन्यायाचं आहे.

पण रक्तवाहिनी बंद पडल्यावर साधारण अर्ध्या तासात हृदयाचे स्नायू मरू लागतात. ‘अहो, अटॅक असेल!’ असं ओरडल्याने भीती वाढते आणि नकार आणखी घट्ट होतो. त्यांचंच म्हणणं धरून बोलावं: ‘ॲसिडिटीच असेल, पण माझ्या जिवाला घोर लागलाय. माझ्यासाठी ईसीजी काढून येऊ.’ तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. स्कूटरवरून नेऊ नये.

पुढची फसगत दवाखान्यात होते. पहिला ईसीजी नॉर्मल आला की ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ म्हणत माणूस घरी निघतो. झटक्याच्या सुरुवातीला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणूनच तो थोड्या वेळाने पुन्हा काढतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासतात. तेवढं होईपर्यंत रुग्णाला तिथून उठून जाऊ देऊ नका.

हाच नकार आयसीयूत मात्र उपयोगी पडतो. १९८७ च्या एका अमेरिकी अभ्यासात नकार जास्त असलेले रुग्ण अतिदक्षता विभागातून लवकर बाहेर आले. पण पुढच्या वर्षभरात त्यांनीच पथ्य-औषधं जास्त चुकवली आणि रुग्णालयात अधिक दिवस काढले. तेव्हा आयसीयूतला माणूस ‘मला काही झालेलं नाही’ म्हणाला आणि उपचार घेत असला, तर त्याला झटक्याचं गांभीर्य पटवत बसू नये. ती बोलणी डिस्चार्जच्या वेळी, घरातल्या एकाला शेजारी बसवून व्हावीत. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवल्यानंतर रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, हे त्या दोघांनाही तेव्हाच सांगायला हवं.

आपण हृदयविकाराची लक्षणं छापता, त्या चौकटीत घरच्यांनी काय बोलावं ते वाक्यही छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक समुपदेशक, नाशिक